बाहेरच्या एसएसडीला ऑपरेटिंग सिस्टिमचा सपोर्ट

संगणकासोबत आलेली डिस्क काढून मालकाने दुसऱ्याच कंपनीची एसएसडी (फ्लॅश चिपवर डेटा साठवणारी डिस्क) बसवली, तर ऑपरेटिंग सिस्टिम तिला कितपत सांभाळून घेते, हा या नोंदीचा विषय आहे. सॅमसंग, क्रुशियल, वेस्टर्न डिजिटल, किंग्स्टन यांच्या एसएसडी सुट्या मिळतात आणि डेल, लेनोवो, एचपी, ॲपल अशा कोणाच्याही मशीनमध्ये बसवल्या जातात. डिस्क दिसली, विंडोज टाकून झाले, मशीन पटकन सुरू झाले, की काम झाले असे बहुतेकांना वाटते. पण सपोर्टचे निदान चार थर आहेत: मदरबोर्डच्या फर्मवेअरने (हार्डवेअरमध्येच बसवलेल्या प्रोग्रॅमने) त्या डिस्कवरून बूट करणे, सिस्टिमकडे योग्य ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) असणे, डिलीट झालेल्या जागेची खबर डिस्कला देणे आणि वीज वाचवण्यासाठी झोपवलेली डिस्क सुखरूप उठवणे. पहिले दोन बिघडले तर त्याच दिवशी कळते. उरलेले दोन बिघडले तर महिनोन् महिने पत्ता लागत नाही, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे.

ट्रिम

एसएसडीतल्या नँड फ्लॅश चिपवर लिहिणे पानापानाने होते. एक पान साधारण ४ ते १६ किलोबाइटचे. पुसणे मात्र शेकडो पानांच्या अख्ख्या ब्लॉकचेच होते. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा फाइल सिस्टिम ती जागा फक्त स्वतःच्या हिशेबात मोकळी दाखवते. डिस्कला त्यातले काही कळत नाही. वाड्यातले बिऱ्हाड सोडून गेले, पण मालकाला कोणी सांगितलेच नाही, अशी ही स्थिती. डिस्कमधला कंट्रोलर (डिस्क चालवणारी चिप) ब्लॉक रिकामा करायला घेतो तेव्हा निकामी पानेही कामाची समजून दुसरीकडे कॉपी करत बसतो. लिहिण्याचा वेग घसरतो आणि चिपची झीज विनाकारण वाढते. ही पाने आता नकोत, असे सिस्टिमने डिस्कला कळवायची आज्ञा म्हणजे ट्रिम. एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीच्या) डिस्कमध्ये हेच काम डीॲलोकेट नावाची आज्ञा करते.

ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ मध्ये ट्रिम होते. लिनक्समध्ये ते फेब्रुवारी २०१० च्या २.६.३३ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) डिस्कपर्यंत पोचले. डिस्कने आपण ट्रिम समजतो असे सांगितले की पुरे, ब्रँड विचारायचा नाही, हा दोन्हीकडचा मूळ रिवाज. एक्सपी आणि व्हिस्टामध्ये ट्रिम नव्हतेच. शिवाय एक्सपी पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करत असे, त्यामुळे फाइल सिस्टिमचे तुकडे फ्लॅशच्या पानांशी जुळत नसत आणि एका लिहिण्याची दोन व्हायची. एक्सपीच्या काळातली डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन केली की हा दोषही सोबत येतो.

मॅकवरची अडवणूक

बाहेरच्या एसएसडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो मॅकवर. २०११ मध्ये मॅक ओएस टेनमध्ये ट्रिम आले, पण ते ॲपलने स्वतः पुरवलेल्या एसएसडीपुरतेच. साटा डिस्क हाताळणारा ड्रायव्हर डिस्कच्या मॉडेलच्या नावात ‘ॲपल एसएसडी’ ही अक्षरे शोधत असे. सापडली तर ट्रिम चालू, नाही तर बंद. ट्रिम उत्तम जाणणारी डिस्कही केवळ नावामुळे बाहेर राहायची.

लोकांनी यावर उपाय काढला. ट्रिम एनेबलरसारखी साधने ड्रायव्हरच्या फाइलमधली ती अक्षरेच पुसून टाकत. हे काही वर्षे चालले. ऑक्टोबर २०१४ मध्ये मॅकच्या सिस्टिमची योसेमिटी ही आवृत्ती आली आणि तिने ड्रायव्हरवरची डिजिटल सही तपासायला सुरुवात केली. एक अक्षर बदलले तरी सही मोडते, आणि बूट होताना मशीन करड्या पडद्यावर मनाईची खूण दाखवून थांबते. ट्रिम हवे असेल तर सही तपासणेच संपूर्ण मशीनसाठी बंद करायचे, एवढा एकच मार्ग उरला. ती सेटिंग एनव्हीरॅममध्ये (वीज गेल्यावरही टिकणाऱ्या छोट्या मेमरीत) राहत असे. एनव्हीरॅम रीसेट केली की मशीन पुन्हा अडकले. डिस्कचे आयुष्य जपायचे की सिस्टिमची सुरक्षा, असा पेच वापरणाऱ्यावर टाकणे गैर होते.

जून २०१५ च्या १०.१०.४ आवृत्तीत ॲपलने ‘ट्रिमफोर्स’ ही आज्ञा दिली. टर्मिनलमध्ये ती चालवली की आधी लांबलचक इशारा येतो: जोडलेल्या सर्व डिस्कवर ट्रिम जबरदस्तीने चालू होईल, त्या डिस्क तपासलेल्या असतीलच असे नाही, डेटा गेला तर जबाबदारी तुमची. दोनदा होकार दिल्यावर मशीन रीस्टार्ट होते. नंतर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये साटाच्या पानावर ट्रिम सपोर्टसमोर ‘येस’ दिसायला हवे. २०१२ चा १३ इंची मॅकबुक प्रो २०१६ पर्यंत विकला जात होता आणि त्यात साधी अडीच इंची साटा डिस्क बसते; अशा जुन्या मशीनवर हे आजही तपासण्यासारखे आहे.

एनव्हीएमईचा दरवाजा २०१७ च्या हाय सिएरा या आवृत्तीने उघडला. तिच्यासोबत मॅकचे बूट फर्मवेअरही अपडेट झाले, आणि २०१३ ते २०१७ दरम्यानच्या अनेक मॅकबुकमध्ये ॲपलच्या वेगळ्या घडणीच्या सॉकेटवर ॲडॉप्टर लावून साधी एम.२ (छोट्या पट्टीच्या आकाराची) डिस्क चालू लागली. या डिस्कना ट्रिमफोर्स लागत नाही. २०१३-१४ च्या मॉडेलमध्ये मात्र हायबरनेशनमधून (रॅममधला डेटा डिस्कवर ठेवून घेतलेल्या खोल झोपेतून) उठताना मशीन कोसळण्याची तक्रार राहिली. ते टाळायला हायबरनेशन बंद ठेवतात. पुढे हा विषयच मिटला. टी२ चिपच्या मॅकपासून एसएसडीचा कंट्रोलर ॲपलच्या चिपमध्ये गेला आणि एम मालिकेतल्या लॅपटॉपमध्ये फ्लॅश थेट बोर्डावर सोल्डर केलेली असते. २०२४ च्या मॅक मिनीत फ्लॅशचे सुटे मॉड्यूल आहे, पण त्यावर कंट्रोलर नाही. बाजारातली एम.२ एसएसडी तिथे बसत नाही.

लिनक्सची सावधगिरी

ॲपलच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते: ट्रिम चुकीचे राबवणाऱ्या डिस्क खरोखरच होत्या. लिनक्स कर्नलमध्ये अशा डिस्कची यादीच आहे. क्रुशियल एम५०० आणि सॅमसंगच्या ८४०, ८५० मालिकांसाठी रांगेत घातलेले (इतर आज्ञांसोबत एकाच रांगेत पाठवलेले) ट्रिम कर्नल बंद ठेवतो आणि साधे ट्रिम वापरतो. उबुंटू १४.०४ ने आठवड्याला आपोआप ट्रिम सुरू केले तेव्हा तेही आधी इंटेल, सॅमसंग अशा मोजक्या नावांपुरतेच होते. पण ती यादी उघड्या स्क्रिप्टमध्ये होती, एक पर्याय लिहून ओलांडता येत होती, आणि नंतर ती गेलीही. ॲपलच्या आणि या सावधगिरीत माझ्या मते हाच निर्णायक फरक आहे.

२०१५ मधले एक प्रकरण इथे सांगायला हवे. काही सर्व्हरवर सॅमसंग एसएसडीमधला डेटा खराब होत होता आणि दोष डिस्कच्या ट्रिमवर गेला. सॅमसंगच्या अभियंत्यांनी शोध घेतला तेव्हा चूक लिनक्सच्याच रेड कोडमध्ये (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या भागात) निघाली, आणि दुरुस्तीचा पॅचही त्यांनीच पाठवला. कोड सर्वांसमोर नसता तर डिस्कवरचा ठपका पुसला गेला नसता.

झोप-जागेचा त्रासही लिनक्सने पाहिला. २०१७ च्या ४.११ कर्नलने एनव्हीएमई डिस्कना आपोआप खोल झोपेत जाऊ दिले, तेव्हा काही डिस्क उठेचनात. चालू मशीनमधून डिस्क गायब. किंग्स्टन ए२००० च्या एका फर्मवेअरसाठी सर्वांत खोल अवस्था कर्नलला बंद करावी लागली.

विंडोज

विंडोज ब्रँड पाहत नाही. साटा आणि एनव्हीएमईसाठी तिचे स्वतःचे ड्रायव्हर आहेत. एनव्हीएमईचा ड्रायव्हर ८.१ पासून आहे, विंडोज ७ ला वेगळा हॉटफिक्स लागतो. ट्रिम तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये एफएसयूटिलची आज्ञा देतात. उत्तरात ‘डिसेबल डिलीट नोटिफाय’समोर शून्य आले की अनेकजण घाबरतात. शून्य म्हणजे खबर देणे बंद केलेले नाही, अर्थात ट्रिम चालू आहे. एक आले तर चिंता करावी.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बायोसमध्ये (मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये) दिसते, पण विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये दिसत नाही. डिस्क खराब नसते; बायोसमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) चालू असते. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून लोड केला की ती दिसते.

स्वतःची रॅम नसलेल्या स्वस्त एसएसडी संगणकाची थोडी रॅम उसनी घेतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीने २०२४ मध्ये ही उसनवारी ६४ वरून २०० मेगाबाइटपर्यंत जाऊ दिली आणि वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० व एसएन५८० या डिस्कच्या २ टेराबाइट मॉडेलवर ब्लू स्क्रीन येऊ लागल्या. उपाय डिस्कच्या नव्या फर्मवेअरमध्ये होता. कूटबद्धीकरणातही असाच धडा मिळाला: २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही डिस्कमधल्या अंगभूत एन्क्रिप्शनच्या त्रुटी दाखवल्या. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने मूळ सेटिंग बदलली, आणि बिटलॉकर (विंडोजची कूटबद्धीकरणाची सोय) आपणहून डिस्कवर विसंबेनासे झाले.

पुण्यात

बुधवार पेठेतली तापकीर गल्ली इलेक्ट्रॉनिक सामानासाठी जुनी ओळखीची. शहरभरच्या दुरुस्तीच्या दुकानांत ‘लॅपटॉप स्लो झालाय, एसएसडी टाकून द्या’ हे मागणे नेहमीचे. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाचे मशीन असो की टॅलीवर चालणारे छोटे ऑफिस, नव्या लॅपटॉपपेक्षा हा खर्च परवडतो. फसगत बहुधा एम.२ स्लॉटवर होते. साटा आणि एनव्हीएमई दोन्ही डिस्क साधारण एकाच आकाराच्या, पण स्लॉट बहुतेक वेळा एकच प्रकार घेतो. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आसपासच्या अनेक बोर्डवर ॲडॉप्टर कार्ड लावून एनव्हीएमई डिस्क विंडोजमध्ये दिसते, पण तिच्यावरून बूट होत नाही, कारण फर्मवेअरलाच ती ठाऊक नाही. तिथे अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी. डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावायची असेल तर कॅडीत जुनी हार्ड डिस्क जाऊ द्यावी आणि मूळ जागी एसएसडी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून एक अडचण वाढली. एसएसडी टाकल्याने मशीन वेगवान होते, पण इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर सहसा विंडोज ११ च्या यादीत येत नाही. अशा मशीनवर लिनक्स उत्तम चालते आणि उबुंटूत आठवड्याचे ट्रिम आपोआप होते.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर आणखी एक थर उघडा पडतो. घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर कॅशमधला (तात्पुरत्या साठ्यातला) डेटा लिहून संपवणारे कपॅसिटर सहसा नसतात. सिस्टिम ठरावीक वेळी कॅश रिकामी करायला सांगते, तीच भिस्त. विंडोजमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये हे फ्लश बंद करणारा एक चौकोन असतो. वेग वाढतो म्हणून तो टिक करायचा सल्ला मिळतो, तो यूपीएसशिवाय मानू नये.

डिस्क बदलताना दुकानात तीन गोष्टी स्वतः पाहून घ्याव्यात: पार्टिशन जीपीटी (नव्या पद्धतीच्या मांडणीचे) आहे का, ट्रिम चालू आहे का, आणि लॅपटॉप झोपवून उठवल्यावर डिस्क दिसते का. जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू न देता यूएसबी केसमध्ये घालून घरी न्यावी. क्लोनमध्ये राहून गेलेली फाइल बहुधा पुढच्या काही आठवड्यांतच आठवते.