जोडीदाराचा मानसिक आजार किंवा व्यसन : हिंदू विवाह कायद्यानुसार विभक्तता आणि घटस्फोटाचा अर्ज

डॉक्टरांच्या कागदावर ‘स्किझोफ्रेनिया’ लिहिलं आहे म्हणून घटस्फोट मिळत नाही. आजार इतका तीव्र आहे की अर्जदाराने सोबत राहावं अशी वाजवी अपेक्षाच करता येत नाही, हे सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली राम नारायण गुप्ता खटल्यात हेच स्पष्ट केलं. व्यसन तर या कायद्यात स्वतंत्र कारणच नाही. त्यातून झालेली मारहाण, धमक्या, घर गहाण टाकून केलेलं कर्ज हे सगळं ‘क्रूरता’ म्हणून मांडावं लागतं. नुसतं ‘दारू पितो’ लिहिलेले अर्ज म्हणूनच टिकत नाहीत.

नातं तोडायचं की नाही हे ठरत नसेल, तर कलम १० खालची न्यायिक विभक्तता जरूर विचारात घ्या. कारणं तीच, पण लग्न कायम राहतं आणि एकत्र राहण्याचं बंधन सुटतं. जोडीदार सावरला तर हुकूम रद्द करून घेता येतो. हुकमानंतर वर्षभर सहवास सुरू झाला नाही, तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. घटस्फोटाच्या अर्जाला लग्नानंतर एक वर्ष थांबावं लागतं (अपवादात्मक हालअपेष्टा असतील तर न्यायालय परवानगी देतं). विभक्ततेला ही अट नाही.

अर्ज कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तिथे जिल्हा न्यायालयात करायचा. लग्न झालं ते ठिकाण, समोरची व्यक्ती राहते ते, किंवा शेवटचं एकत्र राहिलात ते चालतं. पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथेही.

सोबत जोडा : विवाह नोंदणी दाखला किंवा लग्नपत्रिका व फोटो, दोघांच्या पत्त्याचे पुरावे, पोलीस तक्रारींच्या प्रती, तुमच्याकडची औषधचिठ्ठी व डिस्चार्ज कार्डं आणि तारीखवार घटनांची यादी. पोटगी मागत असाल तर मालमत्ता व देण्यांचं प्रतिज्ञापत्रही लागतं.

रुग्णालयाची नोंद गोपनीय असते, जोडीदार म्हणून मागितली तरी सहसा मिळत नाही. ती न्यायालयामार्फत मागवून घ्या. समोरची व्यक्ती स्वतःची बाजू मांडू शकत नसेल तर तिच्यासाठी पालक नेमण्याचा अर्ज आधीच द्या. तो राहिला तर मिळालेला हुकूमही रद्द होऊ शकतो. याच कारणाने अशा व्यक्तीकडून परस्परसंमतीच्या अर्जावर सही घेऊ नका.

मारहाण सुरू असेल तर पत्नीने या निकालाची वाट पाहू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण आणि निवासाचा आदेश वेगळा मागता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देतं.