जपानी पेटीला पॉलिश मारण्याआधी एवढं वाचा

दर महिन्याला कुणीतरी जुनी जपानी पेटी नाहीतर छोटं कपाट आमच्याकडे दुरुस्तीला घेऊन येतं आणि म्हणतं, "सुताराकडून जरा पॉलिश मारून घेतलं, पण चमक काही येईना." ते पॉलिश काढण्यातच आमचा निम्मा वेळ जातो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

सगळा घोळ नावाचा आहे. आपण याला लाखकाम म्हणतो, लॅकर हा शब्दही लाखेवरूनच आलाय, मग सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो आणि बिनधास्त हात फिरवतो. पण लाख किड्यांपासून मिळते, आणि जपानी काम असतं उरुशीचं, म्हणजे झाडाच्या चिकाचं. नवी उरुशी स्पिरिटला दाद देत नाही, पण वर्षानुवर्षं उजेड खाल्लेल्या उरुशीला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडलेल्या असतात, त्यातून स्पिरिट आत शिरतं आणि काळा रंग पांढुरका पडतो. त्यावर सोन्याचं माकिए काम असेल तर अजूनच वाईट, कारण ओल्या उरुशीने नक्षी काढून वर सोन्याची भुकटी शिंपडलेली असते. परवा एका झाकणावर बगळा होता, स्पिरिटच्या बोळ्याने त्याचा एक पंख घासून गेला. तो पंख आता परत येत नाही.

निर्यातीच्या वस्तू तर जास्तच नाजूक. १६०० च्या आसपास पोर्तुगीज व्यापारी नागासाकीहून मकाव, गोवा करत लिस्बनला या पेट्या न्यायचे, गोल झाकणाच्या, वरून शिंपल्यांचे तुकडे गच्च जडवलेल्या, त्यांना नानबान म्हणतात. मागणी मोठी, जहाजाची घाई, त्यामुळे बऱ्याच वस्तूंचे खालचे थर कमी आणि साधे. आमच्याकडे येतात त्या बहुतेक १८५९ ला योकोहामा बंदर उघडल्यानंतरच्या, पण जपायची पद्धत तीच.

तर घरी फक्त मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, खिडकीच्या उन्हात आणि एसीच्या झोतात ठेवू नका, आणि शिंपल्याचा तुकडा निघाला तर फेविक्विक न लावता पाकिटात घालून आमच्याकडे आणा.

"इतके आठवडे का लागतात" हेही सगळे विचारतात. उरुशी उन्हात वाळत नाही, तिला ओल्या हवेत ठेवूनच घट्ट करावी लागते आणि एकेक पातळ थर चढवावा लागतो, घाई केली की सुरकुत्या पडतात. लवकर देतो म्हणणारे भेटतील, पण ते बहुतेक उरुशीऐवजी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारून देतात. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा, बघून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही, आणि नुसती धूळ असेल तर तसंच सांगतो.