पवनचक्क्या पाऊस पळवतात का?
देवगडच्या पवनचक्क्या दिसल्या आणि पाऊस लांबला, की हमखास ऐकू येतं, ‘ह्येंनीच पाऊस पळवलो!’ तसं होत नाही. आजच्या, जमिनीवरच्या मोठ्या यंत्राचं पातंही दोनशे मीटर उंचीच्या आसपासच पोचतं. मॉन्सूनच्या बाष्पाचा थर मात्र काही किलोमीटर जाड. शिवाय हा पंखा नव्हे. पंखा वीज खाऊन वारा ढकलतो, पवनचक्की वाऱ्याचीच ऊर्जा काढून घेते, तीही फार तर ५९ टक्के. कोकणात एवढा पाऊस कोसळतो तो सह्याद्री वारा वर उचलतो म्हणून. किनाऱ्यावरची खरी डोकेदुखी खारी हवा: नटबोल्ट गंजतात, पात्याची पुढची कड खरबरीत होते आणि त्याच वाऱ्यात वीज कमी निघते.