भोकं ठेवलेली भिंत

जर्मनीतलं कोलोन शहर म्हटलं की आपल्याला अत्तर आठवतं, फार तर तिथलं दोन उंच मनोऱ्यांचं कॅथेड्रल. तिथून चालत काही मिनिटांवर सेंट कोलुंबा हे गॉथिक चर्च होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत ते कोसळलं, पण ढिगाऱ्यात मेरीची मूर्ती शाबूत राहिली. तिच्यासाठी गॉटफ्रीड ब्योम या वास्तुविशारदाने १९५० साली त्या पडझडीतच छोटंसं अष्टकोनी प्रार्थनाघर उभारलं. पुढे सत्तरच्या दशकात आसपास खोदलं, तर खाली आणखी जुनी चर्चं निघाली आणि त्याही खाली रोमन काळातल्या भिंती.

हे उघड्यावर ठेवलं तर हिवाळा ते गिळणार. दगडाच्या छिद्रांत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि दगड आतून फोडतं. मग काचेत बंद करून उबदार हवा सोडावी? तेही घातकच. जमिनीतून ओल ओढणारी भिंत भराभर सुकली, की पाण्यातले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन साचतात आणि पापुद्रे सुटतात. आपल्याकडच्या जुन्या भिंतींना लोणा लागतो, तोच हा रोग.

पीटर झुमथोर या स्विस वास्तुविशारदाने मधली वाट काढली. याच जागेवर २००७ साली उघडलेल्या कोलुंबा कलासंग्रहालयाच्या नव्या भिंती जुन्या भग्न भिंतींवरच चढवल्या आहेत. त्यासाठी डेन्मार्कमध्ये हाताने घडवलेल्या राखाडी विटा वापरल्या: अर्धा मीटर लांब आणि जाडीला जेमतेम ४ सेंटीमीटर. वीट इतकी चपटी, की तुटक्या दगडाच्या वेड्यावाकड्या कडेशी ती जुळवून घेता येते. अवशेषांभोवती मात्र विटांमध्ये मुद्दाम फटी सोडल्या आहेत. पाऊस बाहेर राहतो, वारा आत येतो, आणि तापमान बाहेरच्या हवेसोबत सावकाश बदलतं. झरोक्यांची जाळी आपल्या ओळखीचीच, पण पुरातत्त्वाच्या रक्षणासाठी तिचा असा उपयोग मला कुठल्याही वातानुकूलन यंत्रापेक्षा हुशारीचा वाटतो.

वरच्या कलादालनांचं ओझं अवशेषांमधून उभ्या असलेल्या सडपातळ खांबांवर आहे. लोक लाकडी पुलावरून वळणं घेत त्यांच्यामधून चालतात.

छप्पर नव्हतं तेव्हा इथे कबुतरं राहत. बिल फोंताना या अमेरिकी ध्वनिकलाकाराने त्यांचं घुमणं टिपून ठेवलं होतं. कबुतरं गेली; घुमणं अजून अवशेषांवरून ऐकू येतं.