आन्हे, वाटा आणि मोबाइलवरचे सोबती

रात्रीची जेवणे आटोपली, की खान्देशातल्या आणि खान्देश सोडून गेलेल्या माणसांच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन गोष्टी हटकून येतात. कोणीतरी एखादा आन्हा टाकतो, म्हणजे कोडे घालतो, आणि कोणीतरी नुकत्याच केलेल्या प्रवासाची हकीकत सांगायला घेतो. सुरतेच्या कापड कारखान्यात राबणारा शिंदखेड्याचा माणूस, पुण्यात नोकरी करणारी अमळनेरची मुलगी आणि भुसावळला निवृत्त झालेले रेल्वेतले एखादे नाना अशी एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे या निमित्ताने रोज एकत्र येतात. ही करमणूक मोबाइलमुळे जन्माला आली असे वरवर पाहता वाटते. परंतु कोडे आणि वाटेवरची गोष्ट यांची जोडी या मुलखात फार जुनी आहे.

खान्देश हा पूर्वापार जाण्यायेण्याच्या वाटेवरचा प्रदेश आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी अशी रचना असल्यामुळे सुरत बंदरातून निघालेला माल याच खोऱ्यातून बऱ्हाणपूरकडे जात असे, आणि उत्तरेतून दक्षिणेत उतरणारी फौज असो की यात्रेकरू, त्यांनाही हाच पट्टा ओलांडावा लागे. पुढे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदू लागले, त्यामागेही हीच रचना आहे. जिथे रोज परके लोक मुक्कामाला उतरतात, तिथे गोष्टींचा तोटा नसतो.

कोड्यांची परंपरा तर वेदांतल्या गूढ प्रश्नांपर्यंत आणि महाभारतातल्या यक्षाच्या प्रश्नांपर्यंत मागे नेता येते. खान्देशापुरते बोलायचे, तर सुरुवात चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या कुशीत असलेल्या पाटण या गावापासून करावी लागते. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापन केला आणि तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचा शिलालेख कोरला गेला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात असला तरी शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात पाटणच्या बाजारात उघडल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हक्क मठाला दिल्याची नोंद आहे. याचा अर्थ असा, की गणित शिकवणाऱ्या मठाचा खर्च काही प्रमाणात तरी वाटेवरच्या व्यापारातून चालत होता. भास्कराचार्यांचे मूळ गाव विज्जडविड नेमके कोणते, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे; त्यांचे गणित खान्देशात शिकवले जात होते, याला मात्र दगडाचा पुरावा आहे.

हे गणित कोरडे नव्हते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, आणि ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी ‘लीलावती’ रचली. तिच्यातली कित्येक उदाहरणे ही सरळ सरळ कोडी आहेत : कमळाकडे उडालेल्या भुंग्यांची, वाऱ्याने वाकून पाण्यात बुडालेल्या कमळावरून तळ्याची खोली काढण्याची. त्यांतले एक उदाहरण तर एकाच वेळी कोडे आणि प्रवासाची गोष्ट आहे. एक यात्रेकरू घरून पैसे घेऊन निघाला. त्याने निम्मे प्रयागला दान केले, उरलेल्यातले दोन नवमांश काशीला दिले, त्यातून उरलेल्याचा चौथा हिस्सा वाटेत जकातीपोटी गेला, आणि मग जे हाती राहिले त्यातले सहा दशांश त्याने गयेला खर्च केले. शेवटी त्रेसष्ट निष्क (त्या काळचे नाणे) शिल्लक राहिले, ते घेऊन तो घरी परतला. तर निघताना त्याच्याजवळ किती होते?

ज्याला बीजगणित येत नाही, त्याने उलट चालत जावे, म्हणजे यात्रेकरू ज्या वाटेने गेला त्याच वाटेने मागे यावे. गयेहून निघताना चार दशांश उरले ते त्रेसष्ट, म्हणजे गयेला पोचताना एकशे साडेसत्तावन्न होते. ते जकातीनंतरचे तीन चतुर्थांश, म्हणजे काशी सोडताना दोनशे दहा. ते नऊपैकी सात भाग, म्हणजे प्रयागहून निघताना दोनशे सत्तर. आणि त्याच्या दुप्पट पाचशे चाळीस निष्क घेऊन माणूस घराबाहेर पडला होता. उत्तर हाती आले की आणखी एक गंमत ध्यानात येते. काशीला साठ निष्क पुण्य म्हणून गेले आणि जकातीला साडेबावन्न, म्हणजे जवळजवळ तितकेच. आजच्या प्रवासवर्णनात टोलनाक्यांवर जी आगपाखड असते, तिला आठशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

‘लीलावती’चा पुढचा प्रवासही खान्देशाला स्पर्श करून जातो. अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने १५८७ मध्ये तिचे फारसीत भाषांतर केले, आणि त्याच फैजीला १५९१ मध्ये बादशहाने वकील, म्हणजे राजदूत, म्हणून दक्षिणेत पाठवले, ते प्रथम बऱ्हाणपूरला, खान्देशच्या फारुकी राजाकडे, आणि तिथून पुढे अहमदनगरला.

पाटणचा चांगदेव आणि तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचे देऊळ आहे ते योगी चांगदेव यांची गल्लत करू नये. या दुसऱ्या चांगदेवांची कथा मात्र आपल्या विषयाशी जवळची आहे. ज्ञानदेवांना पत्र लिहायचे, तर वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, हे न सुटल्याने त्यांनी कोराच कागद पाठवला, आणि तो पाहून मुक्ताबाईंनी इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला असे म्हटले, अशी आख्यायिका आहे. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या पाठवल्या. मुक्ताबाईंचे समाधिस्थळ याच परिसरात, आजच्या मुक्ताईनगरजवळ आहे. ‘मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्याशी’ हा त्यांचा कूट अभंग अर्थ ठाऊक नसलेल्यांच्याही तोंडी असतो. मुक्ताईची पालखी दर वर्षी तिथून निघून विदर्भ आणि मराठवाडा ओलांडत महिनाभराहून अधिक काळ चालून पंढरपूरला पोचते. या लांबलचक वाटेवर कूट अभंग गात आणि त्यांचा अर्थ लावत जाणारी माणसे पाहिली, की कोडे आणि प्रवास वेगळे काढता येत नाहीत.

सतराव्या शतकात या वाटेवरून युरोपीय प्रवासी गेले आणि त्यांनी आपल्या हकीकती लिहून ठेवल्या. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला पोचला. शहजादा परवेजला त्याने दिलेल्या नजराण्यात मद्याच्या बाटल्या होत्या, आणि त्या रिचवल्यामुळे शहजाद्याशी ठरलेली खाजगी भेट राहूनच गेली, असे त्याने नोंदवले आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने नवापूरच्या तांदळाचे वर्णन केले, की दाणा बारीक, शिजल्यावर बर्फापेक्षा पांढरा आणि वास कस्तुरीचा. या गमतीच्या गोष्टींच्या शेजारी पीटर मंडीची रोजनिशी ठेवावी लागते. तो १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याकडे निघाला तेव्हा दुष्काळ पडला होता, आणि वाटेतल्या गावांत त्याला रस्त्यावर पडलेली प्रेते दिसली. प्रवासाची गोष्ट ही नेहमीच करमणूक नसते. पुढच्या गावाला सावध करणारी बातमीही तीच असते.

कोडी मात्र लिहून ठेवण्याची वस्तू नव्हती. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ किंवा ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’ ही कोडी ज्याने घातली त्याच्यापेक्षा ज्याने सोडवली त्याच्या लक्षात अधिक राहत, आणि मग तो ती दुसऱ्या गावी नेई. शेंगा फोडताना, कापूस वेचताना, उन्हाळ्याच्या रात्री अंगणात बाजेवर पडल्या पडल्या आन्हे घातले जात. त्याचा एक न लिहिलेला नियम असे : उत्तर लगेच सांगायचे नाही. समोरच्याला चिडवायचे, खुणा द्यायच्या, ‘हारलो’ असे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे आणि मगच भेद उघडायचा. या थांबण्यातच सगळी रंगत होती. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून सासरच्या गावाच्या ज्या गोष्टी सांगत, त्याही अशाच टप्प्याटप्प्याने उलगडत, कारण माहेरपण चार दिवस पुरवायचे असे.

ओळखण्याचा खेळ खान्देशात सर्वांत पद्धतशीरपणे कोणी जपला असेल, तर तो गुलाबाई बसवणाऱ्या मुलींनी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर जाऊन गुलाबाईची गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की घरातली बाई झाकलेला डबा पुढे करते. आत काय आहे, ते ओळखल्याशिवाय खाऊ मिळत नाही. मुली डबा कानाशी धरून हलवतात. खुळखुळ वाजला तर शेंगदाणे किंवा फुटाणे, धप्प आवाज आला तर लाडू किंवा वडी, काहीच वाजले नाही तर पंचाईत. मग ‘गोड की तिखट’, ‘तळलेले की भाजलेले’ असे प्रश्न सुरू होतात. आपला खाऊ कोणालाच ओळखता आला नाही, हा त्या घराचा मान समजला जातो, आणि त्यासाठी डबा वाजू नये म्हणून त्यात कापड कोंबणाऱ्या बायाही असतात. एकेका प्रश्नाने शक्यता निम्म्या करत नेण्याची ही युक्ती तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवली जाते; इथल्या मुली ती खाऊसाठी शिकतात.

रेल्वे आली आणि सोबती बदलले. १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत गाडी धावू लागली, १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता हा मार्ग जबलपूरवरून जोडला गेला, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून येणारा लोहमार्गही तयार झाला. पाचोरा-जामनेर या नॅरोगेज गाडीची गती इतकी बेताची होती, की डब्यातल्या गप्पांना अडथळा येण्याचे कारणच नव्हते. याच काळात वृत्तपत्रे आली आणि त्यांच्याबरोबर शब्दकोडी आली. पोस्टाने उत्तर पाठवून बक्षीस मिळवण्याच्या स्पर्धांचे इतके पेव फुटले, की १९५५ मध्ये केंद्र सरकारला कायदा करून अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला हजार रुपयांची मर्यादा घालावी लागली. कोडे घालणारा पहिल्यांदाच अनोळखी झाला तो इथे. त्याला चिडवता येत नव्हते आणि त्याच्याकडे खूणही मागता येत नव्हती.

मोबाइलवरच्या गटांनी ही खूण मागण्याची सोय परत आणली, असे माझे मत आहे. सुरतेत, विशेषतः उधना आणि लिंबायत या भागांत, खान्देशातून गेलेली फार मोठी वस्ती आहे. नाशिक, पुणे, कल्याण इथेही आहे. या सर्वांना एका अंगणात बसवणे पूर्वी शक्य नव्हते. व्हॉट्सॲपवर २०१३ मध्ये आवाजी संदेशांची सोय झाली, तिचा अहिराणीला विशेष फायदा झाला, कारण अहिराणी बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती लिहिण्याची सवय नाही आणि आन्ह्याची निम्मी मजा हेलात असते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाल्यावर खेड्यातले आबा आणि अप्पाही गटांत आले, आणि जुन्या कोड्यांचा साठा तर त्यांच्याकडेच होता.

याच सोयीची दुसरी बाजू खान्देशाने फार भीषण रीतीने पाहिली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. ज्यांचे आयुष्यच गावोगाव फिरून भिक्षा मागण्यात गेले, ज्यांच्याकडून गावाने पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच्या जगाची वार्ता ऐकली, त्यांनाच परके ठरवून मारले गेले. देशात इतरत्रही तेव्हा असे प्रकार घडत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या, म्हणजे ‘फॉरवर्ड’ केलेल्या, संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी ढकलता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. अफवा हीही एक वाटेवरची गोष्टच असते, फक्त ती सांगणारा समोर नसतो आणि तिला प्रश्न विचारता येत नाही.

जे गट टिकून आहेत, त्यांनी हा भेद आपल्या परीने ओळखलेला दिसतो. कित्येक गटांत ढकललेले कोडे चालत नाही. उत्तर रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे, आणि ज्याला आधी सुटले त्याने ते फक्त कोडे घालणाऱ्याला वेगळे कळवायचे, असा दंडक असतो. प्रवासाच्या गोष्टींना फोटोचे कोडे जोडण्याची नवी रीतही रूढ झाली आहे. चोपडा तालुक्यातल्या उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याचा, तोरणमाळच्या तलावाचा किंवा लळिंगच्या किल्ल्यावरून दिसणाऱ्या महामार्गाचा फोटो टाकून ‘हे कुठे?’ असे विचारायचे, चुकीच्या उत्तरांची यथेच्छ थट्टा करायची आणि मग तिथे कसे जायचे, पावसाळ्यात रस्ता कुठे तुटतो, चहा कुठे बरा मिळतो, हे सगळे सांगायचे. फोटो शोधयंत्रात घालून उत्तर काढता येते हे सर्वांना ठाऊक असते, आणि तसे करणारा लगेच पकडलाही जातो, कारण गावाचे नाव त्याला बरोबर येते, पण चहाची टपरी रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते सांगता येत नाही.