कथील आणि शिसं: कल्हई लावून घेण्याआधी

पितळेची पातेली पुन्हा स्वयंपाकघरात आली, याचा मला आनंदच आहे. मात्र त्यांच्याबरोबर एक जुना गोंधळही परत आला आणि तो निस्तरून मी आता थकले आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. निम्मे लोक म्हणतात, "कल्हई नकोच, त्यात शिसं असतं." उरलेले म्हणतात, "पणजीपासून चालत आलंय, त्यात कसलं आलंय विष?" चूक दोघांचीही आहे. कल्हई कथलाची असते, शिशाची नव्हे. पण कथील म्हणून भांड्याला जे लावलं जातं, ते दर वेळी निव्वळ कथीलच असतं असंही नाही.

कल्हई कशासाठी, हे सांगण्यात वेळ घालवत नाही. पितळेत ताक कळकतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. पितळेतलं तांबं आंबटात उतरू नये म्हणून भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने आतून थर फिरवायचा. झाली कल्हई.

नावांचा घोळ तसा किरकोळ आहे. हिंदीत कथील म्हणजे रांगा आणि शिसं म्हणजे सीसा. कल्हईवाले बहुधा 'रांगा'च म्हणतात. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-औषधांच्या शाखेत, कथील म्हणजे वंग आणि शिसं म्हणजे नाग. दोन्ही पूतिलोहांत (वितळवताना दुर्गंध येणाऱ्या धातूंत) मोडतात, पण नावं वेगळी ठेवली आहेत. रोमन लोक मात्र शिशाला 'काळं प्लंबम' आणि कथलाला 'पांढरं प्लंबम' म्हणत, म्हणजे हा गोंधळ केवळ आपलाच नाही. शिसपेन्सिलीत शिसं नसतं. ग्राफाइट आणि माती असते. पोराने पेन्सिलीचं टोक चावलं म्हणून घाबरून जाऊ नका. त्याच घरातल्या जुन्या खिडकीच्या रंगाचे पोपडे तो तोंडात घालत असेल, तर मात्र घाबरा. घरगुती रंगांतल्या शिशाला आपल्याकडे दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा रंग अजून कित्येक भिंतींवर आहे.

पोटात गेल्यावर या दोन धातूंचं वागणं अगदी निराळं असतं. कथील आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही. खूपच गेलं तर पोट बिघडतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने कथलासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १४ मिलिग्रॅम इतकी सूट दिली आहे. साठ किलोच्या माणसाला ती ८४० मिलिग्रॅम होते. शिशासाठी याच समितीची मर्यादा किलोमागे २५ मायक्रोग्रॅम होती. २०१० मध्ये तीही मागे घेतली गेली, कारण 'इतकं चालेल' म्हणावं असं शिशाचं प्रमाणच सापडलं नाही. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि तिथे ते दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात हाडातलं कॅल्शियम निघतं, तेव्हा त्यासोबत शिसंही निघतं आणि वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शोषला जातो. लहान मुलांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाऊ शकतं आणि अंगात लोह कमी असेल तर आणखी वाढतं. मुलांची बुद्धी, लक्ष आणि शिकणं यांवर त्याचा घाला पडतो, मोठ्यांच्या रक्तदाबावर आणि मूत्रपिंडांवर.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्या गोष्टीकडे येते. लोक फसतात ते कथील आणि शिसं यांच्यात नाही. शुद्ध कथील आणि शिसं मिसळलेलं कथील यांच्यात फसतात.

कथील २३२ अंशांना वितळतं आणि शिसं ३२७ अंशांना. दोन्ही एकत्र केली तर वितळबिंदू मधे कुठेतरी येईल, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही, तो खाली येतो. साधारण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं असलेलं मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होतं. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यांचा डाख (सोल्डर) तो हाच. म्हणजे भेसळीची कांडी कमी आचेवर वितळते, सहज पसरते, नवी असताना तितकीच चकचकीत दिसते आणि शिसं कथलापेक्षा कित्येक पट स्वस्त असल्यामुळे परवडतेही. "किती सुरेख कल्हई झाली बघा, अगदी आरशासारखी!" हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते. चकाकीवरून कल्हई नीट बसली एवढंच कळतं, ती कशाची आहे ते कळत नाही.

चवीवरूनही कळत नाही. कळकलेलं ताक तोंडात घेतल्या घेतल्या थुंकावंसं वाटतं. तांबं ओरडून सांगतं. शिसं गप्प असतं, त्याचे काही क्षार तर गोड लागतात. "इतकी वर्षं खातोय, कुणाला उलटी झाली नाही" हा पुरावा तांब्याबाबतचा आहे, शिशाबाबत तो काहीच सांगत नाही. चिंचेची आमटी, आमसुलाचं सार, टोमॅटो यांत शिसं उतरतं, आणि उकळल्याने धातू मरत नाही.

मग ओळखायचं कसं? कांडीवर ओळखायचे जुने उपाय खरे आहेत. कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकरते. आतले स्फटिक वळताना तो आवाज होतो. शिसं मुकाट वाकतं, कागदावर करडी रेघ ओढतं आणि तेवढ्याच आकाराला दीडपट जड भरतं. पण या खुणा शंभर टक्के शिसं पकडायला उपयोगी आहेत. शंभरात पाच-दहा भाग शिसं यांतून सहज निसटतं. भांड्याला लागून गेलेल्या कल्हईवर तर घरी कुठलीच खूण चालत नाही. लिंबू चोळून किंवा हळद लावून परीक्षा करणारे व्हिडिओ कृपा करून पुढे पाठवू नका. क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र असलेल्या धातू-प्रयोगशाळेत भांडं न फोडता काही मिनिटांत उत्तर मिळतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: कथील स्वतः आणा. धातूच्या व्यापाऱ्याकडून निदान ९९.९ टक्के शुद्धतेचं, पावतीसह घ्या आणि कल्हईवाल्याच्या हातात द्या. त्याला मजुरी पूर्ण द्या आणि बोळा नवा घ्यायला सांगा. घासाघीस करून आपणच त्याला स्वस्त कांडीकडे ढकलतो, आणि ती कांडी वितळवताना शिशाचे कण आधी त्याच्याच छातीत जातात आणि कपड्यांवरून त्याच्या मुलांपर्यंत पोचतात. एवढं जमणार नसेल तर आंबट पदार्थ स्टीलमध्ये करा. मी स्वतः तेच करते. पितळेत भात होतो, दूध तापतं.

जाता जाता दुसरी एक जोडी. पारंपरिक कुंकू हळदीचं आणि शेंदूर शिशाचा. मारुतीला शेंदूर लावून झाला की हात साबणाने धुवा, आणि तो डबा मुलांच्या हाती लागू देऊ नका.

एखाद्या भांड्याच्या कल्हईत शिसं निघालंच, तर ती घरी खरवडू किंवा पॉलिश कागदाने घासू नका. धूळ पोटात जाणं भांड्यात शिजवण्याहून वाईट. त्यात स्वयंपाक बंद करा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या. शिरेतून काढलेल्या रक्ताची साधी चाचणी असते.