जाड त्वचेचा गैरसमज

पुरुषांची त्वचा स्त्रियांच्या त्वचेपेक्षा साधारण २० ते २५ टक्के जाड असते, हे खरं. पण त्यावरून ‘पुरुषाला कशाला हवी त्वचेची काळजी’ असं म्हणणं साफ चूक आहे. कारण ही जाडी असते आतल्या थरात, अंतस्त्वचेत. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या प्रभावामुळे तिथे कोलॅजेनचे, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, तंतू दाट असतात. साबण, रेझरचं पातं आणि ऊन यांचा पहिला मारा मात्र मृत पेशींचा सगळ्यात वरचा थर झेलतो आणि तो केसापेक्षाही पातळ असतो.

टेस्टोस्टेरॉनमुळेच तेलग्रंथीही जास्त स्रवतात. चेहरा तेलकट वाटला की अनेकजण तो अंगाच्या साबणाने पुन्हापुन्हा धुतात. त्वचेचा सामू (पीएच) ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी, तर साबणाचा बहुधा ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी. अशा धुण्याने तेलाबरोबर ओलावा धरून ठेवणारे घटकही निघून जातात. म्हणूनच चेहरा तेलकट असूनही ओढल्यासारखा वाटू शकतो. सौम्य फेसवॉश आणि हलकं मॉइश्चरायझर एवढं पुरतं.

खरा छळ होतो तो दाढी करताना. पातं केसाबरोबर वरच्या थरातल्या पेशीही खरवडून नेतं. गुळगुळीत दाढीच्या हौसेपायी त्वचा ताणून उलटा रेझर फिरवला, की केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो आणि त्याचं टोक अणकुचीदार होतं. केस कुरळा असेल तर वाढताना तो वळून पुन्हा त्वचेत घुसतो. शरीर त्याला परकं समजून सूज आणतं. मानेवरच्या अशा पुटकुळ्यांना लोक मुरमं समजतात आणि त्यांवरूनच पुन्हा रेझर फिरवतात! त्याऐवजी काही आठवडे रेझर बाजूला ठेवून ट्रिमर वापरावा. एरवी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने केस भिजू द्यावेत. भिजलेला केस मऊ होतो आणि सहज कापला जातो. रेझर केसांच्या वाढीच्या दिशेनेच फिरवावा. अल्कोहोल असलेलं आफ्टरशेव्ह झोंबतं, ते सोललेल्या त्वचेला आणखी कोरडं करतं.

उन्हातले अतिनील किरण अंतस्त्वचेतलं कोलॅजेनही मोडतात. कान, मानेची मागची बाजू आणि टक्कल इथे सनस्क्रीन लावायचं हमखास राहून जातं. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग पुरुषांमध्ये बऱ्याचदा पाठीवर होतो आणि स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही. तेव्हा आकार किंवा रंग बदलणारा तीळ पाठीवर आहे का, हे अधूनमधून घरच्या कुणाला तरी पाहायला सांगावं आणि तसा दिसला तर लगेच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा.